बाळाच्या दुपट्याला उलटी बाजू नसते

(अलिबाग तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मित्रहो, आणि पुढे चटईवर बसलेल्या सगळ्या मावश्या, काकू, लेकीसुना,

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे बाहेरच्या फळ्यावर ‘बाळाची गोधडी कशी शिवावी’ असा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हांला दारातच अडवलं. “सर, लिहिताना काही चूक झाली का?” चूक झालेली नाही. आज आम्ही खरोखरच गोधडीवर बोलणार आहोत. आणि आधीच सांगतो, समोर बसलेल्यांपैकी निम्म्या बायकांचा हात आमच्यापेक्षा चांगला आहे. आम्ही सुई हातात घेतली ती एकोणसत्तराव्या वर्षी. उशिरा शिकलेल्या माणसाचा एकच फायदा असतो. जे तुमच्या बोटांना न विचारता येतं, ते त्याला एकेक पायरी विचारून शिकावं लागतं, म्हणून ते सांगता येतं.

सुरुवात वादळापासून झाली. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून इथपर्यंत काय झालं ते तुम्हांला सांगायला नको. आमच्या माजघरावरची कौलं उडाली आणि खालच्या पत्र्याच्या ट्रंकेत पाणी शिरलं. त्या ट्रंकेत आमच्या आईने शिवलेली गोधडी होती. पुढे पाऊस लागला. गोधडी वाळेना. वरून कोरडी वाटायची, हात आत दाबला की ओल. आठवड्याभरात कुबट वास सुटला. शेवटी शेजारच्या आजी म्हणाल्या, “सर, उसवा ती. थर सुटे करा, नायतर सगळीच कुजल.”

मग आम्ही ती उसवली. आईने गोधडी कशी शिवली होती, ते तिच्या मागे कितीतरी वर्षांनी, टाके कापताना आम्हांला कळलं. मघाशी म्हटलेला अभ्यास तिथून सुरू झाला. ज्यांना गोधडी शिकायची आहे त्यांना आमचा पहिला सल्ला तोच: घरातली एखादी फाटकी, जुनी गोधडी घ्या आणि ती नीट, एकेक ओळ पाहत उसवा. शिवलेली गोधडी फक्त वरची बाजू दाखवते. ती कशी केली ते उसवल्यावर समजतं.

त्या गोधडीत सात थर होते. वर लुगडं, खाली वडिलांचं धोतर, मध्ये काय काय. चार गोष्टी आमच्या लक्षात आल्या. पहिली, आतले तुकडे एकमेकांना शिवलेले नव्हतेच. कौलं जशी एकावर एक चढवतो तसे दोन-दोन बोटं चढवून नुसते मांडलेले होते, म्हणून आत कुठे जाड वळ उठला नव्हता. दुसरी, विरलेलं कापड मध्यभागी आणि टिकाऊ कापड कडेला व पायथ्याला, कारण गोधडी ओढली जाते ती कडेने. तिसरी, शेजारच्या दोन ओळींतले टाके एकासमोर एक नव्हते. भिंतीत विटा रचतात तसा एकाचा टाका दुसऱ्याच्या मोकळ्या जागेसमोर होता. आणि चौथी गोष्ट, एकही गाठ वर दिसत नव्हती. या चौथ्या गोष्टीवर आजच्या व्याख्यानाचा बराचसा भार आहे.

दुपटं आणि गोधडी

आधी शब्दांचा हिशेब. वाकळ, गोधडी, चौघडी, दुपटं हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण ‘चौघडी’त चार घड्या आणि ‘दुपटं’ म्हणजे दोन पटांचं, हे त्या शब्दांतच दिसतं. बाळंतविड्यात कुंची, झबलं, टोपडं, लाळेरं यांच्याबरोबर जे येतं ते दुपटं. ती मोठ्या गोधडीची लहान आवृत्ती नव्हे. तिचं काम वेगळं आहे.

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधायची ही रीत देशभर आहे. बंगालचा कांथा प्रसिद्ध आहे. बिहारमधली सुजनी जुन्या साड्यांची, आणि मुळात नव्या बाळासाठी शिवत. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड भागांत सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. मुरूडच्या जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव आपल्या जिल्ह्याला परकं नाही, पण ही वस्ती वेगळी, तिथल्या जंगलपट्टीतली. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे तिकोनी तुकडे बसवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ते नसले तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

आणि आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट सांगतो. विनयपिटकातल्या महावग्गात अशी कथा आहे की, मगधातली भातशेतं आणि त्यांचे बांध बुद्धांनी आनंदाला दाखवले आणि भिक्षूंचं चीवर त्या आकृतीवर शिवता येईल का, असं विचारलं. आनंदाने तसं शिवून दाखवलं. तुकडे म्हणजे खाचरं, शिवण म्हणजे बांध. रेवदंड्याकडे जाताना ऑगस्टमध्ये एसटीच्या खिडकीतून पाहा, ही कथा समजावून सांगावी लागत नाही. बांध खाचरात पाणी धरून ठेवतो. गोधडीतली शिवण थर धरून ठेवते. टाका असतो तो धरण्यासाठी, दिसण्यासाठी नव्हे. हे आम्ही वाचलं होतं. पटलं मात्र ठेच लागल्यावर.

आमची चूक

आईची गोधडी उसवल्यावर आम्हांला उत्साह आला. त्याच सुमारास सुनेला दिवस गेले होते. आम्ही ठरवलं, नातवंडाचं दुपटं आपण शिवायचं. टिकाऊ हवं म्हणून पॉलिएस्टरचा जाड दोरा आणला. वर ठशांचं सुंदर कापड लावलं. समोरची बाजू अशी झाली की ज्याला त्याला दाखवत सुटलो. मागची बाजू कोण पाहतं? तिथे लांब लांब टाके होते, दोरा संपला तिथे गाठी होत्या आणि गाठींपुढे अर्धा-अर्धा इंच शेपट्या.

शेजारच्या आजींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, गालावरून फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, “टाका बरा दिसतोय सर, पन मागं बोट अडकतंय.” आम्ही ते हसण्यावारी नेलं.

नात चार महिन्यांची असताना एका रात्री रडायची थांबेना. भूक नाही, ताप नाही, पोट मऊ. शेवटी सुनेने तिचे सगळे कपडे काढले तेव्हा दिसलं, उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला मागच्या बाजूचा सुटलेला दोरा गुंडाळला गेला होता. बोट लाल होऊन सुजलं होतं आणि दोरा सुजेत रुतून दिसेनासा झाला होता. दवाखान्यात भिंगाखाली तो काढावा लागला. बोट वाचलं, आज ती मुलगी धावते आहे. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथे सांगणं आमचं कर्तव्य आहे: आईचा गळलेला केस किंवा कपड्यातला सुटा दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाला असा आवळला जाऊ शकतो, रक्तपुरवठा बंद पडून बोट गमवावं लागू शकतं. बाळ कारण न कळता रडत असेल तर हातापायांची बोटं एकेक करून पाहा, मुलगा असेल तर त्याची शूची जागाही पाहा. दोरा दिसला आणि सहज निघत नसेल तर घरी खटपट न करता लगेच डॉक्टरांकडे जा.

त्या रात्री आम्हांला समजलं की आमचं दुपटं बाळासाठी नव्हतंच, ते पाहणाऱ्यांसाठी होतं. कांट म्हणतो की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. आम्ही तीस वर्षं वर्गात हे वाक्य समजावलं आणि स्वतःच्या नातीला आपल्या हौसेचं साधन केलं. बाळाला उलट-सुलट कळत नाही. ते ज्या बाजूवर निजतं ती त्याची बाजू. म्हणून दुपट्याला उलटी बाजू ठेवायची नाही. दोन्ही सुलट. आता यापुढचं सगळं तंत्र या एका गोष्टीतून निघतं.

कापड

कापड जुनं, सुती आणि पुष्कळदा धुतलेलं घ्यावं. आमच्या घरी बाळाला सुरुवातीला नव्या कापडात ठेवत नसत. त्यामागचं कारण साधं आहे: नव्या कापडात खळ असते, रंग सुटतो आणि ते कडक असतं. जुनं धोतर, पंचा, सुती साडी यांत ते सगळं धुऊन गेलेलं असतं.

कापड सुती आहे की नाही याची खात्री करा. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. दुसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. थेंब शोषला गेला तर ठीक, मोत्यासारखा वर राहिला तर ते कापड बाळाखाली नको. आपल्या दमट हवेत घाम शोषला गेलाच पाहिजे.

नवं कापड वापरायचंच असेल तर आधी गरम पाण्यात धुवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच या प्रमाणात आटतं. एक थर आटला आणि दुसरा नाही, तर गोधडी चुरमडते. गडद रंगाचं कापड ओलं करून त्यावर पांढरं फडकं दाबा. फडक्याला रंग लागला तर ते पुन्हा धुवा, आणि तरीही लागत राहिला तर ते कापड दुसऱ्या कामाला ठेवा.

कापड कात्रीने कापण्याऐवजी छोटी चीर देऊन फाडावं. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे कड सरळ मिळते. डोळ्यांनी सरळ कापलेलं पुष्कळदा धाग्याला तिरकं असतं आणि दोन धुण्यांत चौकोनाचा पतंग होतो.

थर

माप दोन हात लांब, दोन हात रुंद, म्हणजे साधारण 36 इंच चौरस. तीन थर पुरेत. थंड प्रदेशातल्या लोकांचं पाहून मध्ये कापूस किंवा फोम भरू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापूस भरलेली वस्तू आतून वाळत नाही, बुरशी धरते. शिवाय बाळाला जास्त उकडणंही धोक्याचंच.

खालचा थर स्वच्छ फरशीवर पसरा. पूर्वी सारवलेल्या जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर तांबे ठेवत. फरशीवर चिकटपट्टीने चार बाजू धरा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून शिवलं तर सोडल्यावर ते आखडतं. त्यावर मधला थर. तुकड्यांचा असेल तर कौलांची रीत, दोन बोटं चढवून. मग वरचा थर. प्रत्येक थर पसरल्यावर तळहाताने मधून बाहेर सारखा करा.

आता ज्या पायरीचा सगळ्यांना कंटाळा येतो ती: कच्चे टाके. मध्यापासून कडेकडे, सूर्याच्या किरणांसारखे, चार-चार बोटांच्या अंतरावर मोठे टाके घाला. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे शेवटी काढताना एकही राहणार नाही. नवशिक्याच्या दहा गोधड्यांपैकी नऊ बिघडतात त्या इथे, पुढच्या बारीक टाक्यांत नव्हे. आम्ही टाचण्यांवर भागवू पाहिलं. एक टाचणी तीन दिवस सापडली नाही. तेव्हापासून बाळाच्या कामात टाचणी बंद.

टाका

धावदोरा हा सगळ्यांत सोपा टाका, म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. त्याच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली सुई. हातशिलाईच्या सुयांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नवशिक्याला 7 किंवा 8 नंबर बरा. जाड सुईने भोक मोठं पडतं आणि थर वर-खाली सरकतात. आपल्या खाऱ्या हवेत सुई लवकर गंजते आणि कापडावर डाग पाडते, म्हणून ती टाल्कम पावडरच्या डबीत ठेवा. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला. सवय व्हायला आठवडा लागतो, पण त्याशिवाय तीन थरांतून सुई सरळ जात नाही.

दुसरी दोरा. सुती कापडाला सुती दोरा. कसबी बायका सांगतात की फार मजबूत दोरा जुन्या मऊ कापडाला कालांतराने कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटलं तर गेलं. दोरा एका हाताएवढा, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, सुमारे 18 इंच घ्या. आळसाने तीन हात दोरा घेतला की तो पिळला जातो, गुंततो आणि घासून विरतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर कमी गुंततो.

तिसरी गोष्ट टाक्याचं माप. बारीक टाक्याचा हव्यास सुरुवातीला नको. इंचाला पाच टाके पुष्कळ झाले, पण ते सारखे हवेत आणि वर जेवढा तेवढाच खाली हवा. त्यासाठी सुई तिरकी नव्हे, शक्य तितकी उभी खुपसा. खालच्या हाताचं बोट टोक लागताच ते वर वळवतं. टोक बोटाला लागलं नाही तर सुई सगळ्या थरांतून गेली नाही असं समजा. दर दहा टाक्यांनी दुपटं उलटून पाहा. आम्ही सराव असा केला: पांढऱ्या कापडाच्या दोन थरांवर लाल दोऱ्याने रोज एक वीत ओळ घालायची आणि मागून मोजायची. तीन आठवड्यांनी मागची ओळ पुढच्यासारखी दिसू लागली.

चौथी गोष्ट गाठ. दोऱ्याच्या टोकाला छोटी गाठ मारा. जिथे ओळ सुरू करायची त्याच्या इंचभर अलीकडे सुई फक्त वरच्या थरातून आत घालून ओळीच्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ वरच्या कापडातून आत जाते आणि मधल्या थरात अडकते. शेवटी गाठ मारायची गरज नाही. शेवटचे दोन-तीन टाके त्याच जागेवरून परत घ्या, मग सुई थरांमधून दीड इंच पुढे नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा. टोक आपोआप आत जातं.

हे एवढं का सांगतो? हिशेब करा. 36 इंच चौरस दुपट्यावर अर्ध्या इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर ओळींची एकूण लांबी भरते 2,592 इंच, म्हणजे 216 फूट. इंचाला पाच टाके धरले तर सुमारे 13 हजार टाके. एका हाताच्या दोऱ्यात गाठ आणि शेवट वगळून चौदा इंच ओळ होते असं धरलं, तर जवळजवळ 185 वेळा सुई ओवावी लागते. प्रत्येक दोऱ्याला दोन टोकं. म्हणजे एका दुपट्यात 370 टोकं. त्यातलं एक आमच्या नातीच्या बोटाला लागलं.

कडेकडून की मधून?

हा प्रश्न आम्हांला फार आवडतो. परदेशी पुस्तकं सांगतात, मध्यापासून सुरुवात करा आणि बाहेर जा, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. आपल्या बायका बरोबर उलट करतात. कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत येतात. सिद्दी बायकांची कवंदीही अशीच होते. मग चूक कोण?

कोणीच नाही. परदेशी रजईत मध्ये फुगीर भरण असतं, ते दाबत दाबत बाहेर न्यावं लागतं. आपल्या गोधडीत भरण नाही, कापडावर कापड आहे. कड आधी मुडपून शिवली की धागे उसवत नाहीत आणि काम चालू असताना गोधडी घरभर ओढली तरी बिघडत नाही. शिवाय तुकडे हाताशी येतील तसे जोडत आत सरकता येतं. मात्र या रीतीला एक धोका आहे. प्रत्येक फेरीत वरचं कापड किंचित पुढे ढकललं जातं आणि शेवटी ते सगळं मध्यभागी जमून तिथे पोट येतं. उपाय दोन. दर चार फेऱ्यांनंतर दुपटं पुन्हा सपाट पसरून तळहाताने सारखं करा. आणि एक फेरी उजवीकडून घातली तर पुढची डावीकडून घाला. तरीही पोट आलंच तर मधे बारीक चिमटी घेऊन ती बसवून शिवा. पुढच्या वेळी कच्चे टाके जास्त घाला.

फक्त एक सूचना: दोरा ओढून घट्ट करू नका. ओळ पुरी झाली की अंगठ्याने तिच्यावरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवा, म्हणजे जिथे आवळलं असेल तिथे कापड मोकळं होतं.

कड आणि कोपरे

सरळ कडेला सरळ पट्टीचा गोट चालतो, अडीच इंच रुंदीची पट्टी दुमडून. कोपरे गोल ठेवायचे असतील तर उरेब पट्टी घ्यावी, कारण तिरप्या धाग्याला ताण असतो आणि ती वळते. गोट मशीनवर लावला तरी मागची बाजू हाताने, बारीक टाक्यांनी बसवा. बाळ चोखतं ते कोपरेच. म्हणून तिथे लेस, टिकल्या, आरसे, मणी, बटणं, गोंडे काहीही नको. शोभा हवी असेल तर रंगीत दोऱ्याच्या ओळींतून आणा. ती कुणाच्या घशात जात नाही.

शिवून झाल्यावर कच्चे टाके काढा, दुपटं एकदा धुवा, उन्हात वाळवा आणि मग दोन्ही बाजूंवरून डोळे मिटून गाल फिरवा. हाताची त्वचा राठ असते, तिला कळत नाही. आजी म्हणाल्या तसं कुठे अडकलं तर तिथे थांबा.

ते कुठे वापरायचं, कसं ठेवायचं

दोन गोष्टी सांगतो, त्या जुन्या रीतीच्या विरुद्ध वाटतील.

एक. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी सैल पांघरूण, उशी, मऊ गादी ठेवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. सैल कापड तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो, बाळाला ते बाजूला करता येत नाही. मग दुपटं कशाला? मांडीवर घेताना, तेल लावताना, चटईवर खेळवताना खाली अंथरायला, डॉक्टरांकडे नेताना गुंडाळायला. सगळं कुणाचं तरी लक्ष असताना. पाळण्यात बाळ एकटं झोपलं की दुपटं बाहेर.

दोन. डांबराच्या गोळ्या. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत आपण त्या सर्रास टाकतो आणि बाळ आलं की तिथूनच दुपटी काढतो. काही मुलांच्या रक्तपेशींत जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचा घटक कमी असतो. बाहेरून ते कळत नाही. अशा नवजात बाळाला नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेल्या कापडात गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ एकाएकी वाढू शकते आणि मेंदूला इजा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ती वाफ कापडात मुरते आणि श्वासातून, त्वचेतून आत जाते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि पावसाळा संपला की दर महिन्याला ऊन. लोखंडी ट्रंकेऐवजी सुती पिशवी बरी, तिच्यात हवा खेळते आणि गंज लागत नाही.

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं, मशीनवर शिवलं तर चालणार नाही का?

जरूर चालेल. मशीनची टीप दोन्हीकडून सारखी असते, तो तिचा गुणच आहे. पण साध्या मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा मागे राहतो. म्हणून कच्चे टाके दुप्पट घाला, टाका मोठा ठेवा आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने घाला. टोकं मात्र सुईने आत घ्या, नुसती कापू नका.

एका आजोबांनी विचारलं, हात थरथरतो, डोळ्यांना सुई दिसत नाही, आता शिकून काय उपयोग?

आमचाही थरथरतो. सकाळी दारात बसा, उजेड डाव्या बाजूने येऊ द्या. सुई ओवायची तार मिळते, ती वापरा, किंवा नातवाकडून दहा सुया एकदम ओवून घ्या. आणि रोज तीन ओळींवर थांबा. दुपट्याला वेळ लागेल. बाळंतपणाची बातमी कळल्यावर हाताशी तेवढा अवधी असतोच.

मागे बसलेल्या एका मुलीने विचारलं, सर, दुकानात दुपटं तयार मिळतं, मग हे सगळं कशासाठी?

घ्या की. दुकानातलं घेतलंत तरी आम्हांला वाईट वाटणार नाही. फक्त घेताना ते उलटं करून पाहा, गालावरून फिरवा, धाग्यांची टोकं पाहा, घरी आणल्यावर धुवा. शिवायला शिकलं की पाहायलाही येतं, हा त्यातला पहिला फायदा. दुसरा फायदा शिवताना कळेल, तो आम्ही सांगून पटणार नाही.

शेवटी एका काकूंनी विचारलं, तुमच्या आईच्या त्या गोधडीचं पुढे काय केलंत?

सात थरांपैकी दोन पार कुजले होते. उरलेल्यांतून चांगले तुकडे निवडले, उकळत्या पाण्यातून काढले, कडक उन्हात वाळवले. त्यांची तीन दुपटी झाली. एक नातीचं, पहिल्याच्या जागी. एक पुतणीच्या मुलाला दिलं. तिसरं इथे आणलं आहे, पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. कृपया पहिल्यांदा उलट्या बाजूने पाहा आणि कुठे बोट अडकलं तर जाताना आम्हांला सांगा. आणि जे कुजलं होतं त्याचं पोतेरं केलं. दोन वर्षं पुरलं.